नीतिमत्तेच्या परीक्षेत कॉपी: सीएंना जन्मभर का शिकावं लागतं, आणि नाही शिकलं तर काय होतं?

२८ जून २०२२ रोजी अमेरिकेतल्या एसईसीने, म्हणजे आपल्याकडच्या सेबीसारख्या तिकडच्या नियामक संस्थेने, ईवाय या बलाढ्य ऑडिट फर्मला १० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. तेव्हाच्या भावाने जवळजवळ ७९० कोटी रुपये. एसईसीने कुठल्याही ऑडिट फर्मला तोवर केलेला हा सर्वांत मोठा दंड. एखाद्या कंपनीचे हिशेब चुकीचे तपासले असा आरोप त्यात नव्हता. फर्मच्या लोकांनी परीक्षेत कॉपी केली आणि फर्मने ती गोष्ट दडवली, हा ठपका होता. ज्या परीक्षांमध्ये कॉपी झाली त्यांतली एक तर व्यावसायिक नीतिमत्तेची होती.

ही बातमी मी माझ्या एका क्लायंटला सांगितली. तालुक्याच्या गावी त्यांचं किराणा दुकान आहे आणि मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, "मॅडम, ही तर पास होऊन बसलेली माणसं. त्यांची परीक्षा कोण घेतंय, आणि कशाला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सीए झाल्यावरही शिकावं लागतं, शिकण्याचे तास मोजले जातात, ते कमी पडले तर विचारणा होते आणि खोटे दाखवले तर सनदेवर गदा येऊ शकते, हे व्यवसायाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. ज्याच्या सहीवर आपण कर्ज काढतो, घर घेतो, विवरणपत्र भरतो, त्याच्याबद्दल एवढं तरी प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः प्रॅक्टिस करणारी सीए आहे, त्यामुळे यातलं बरंचसं आतून पाहिलेलं आहे.

काकांच्या काट्यावरचा शिक्का

काकांच्या काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याच्या बाजूला सील आहे आणि मागच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोशेजारी, वैधमापन शास्त्र विभागाचं पडताळणी प्रमाणपत्र लावलेलं आहे. ठरलेल्या मुदतीने निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतात, बरोबर असेल तर शिक्का मारतात. काटा विकत घेतला त्या दिवशी तो अचूक होताच. पण रोज शंभर गिऱ्हाइकांची साखर तोलताना तो हळूहळू सरकू शकतो, आणि सरकला तर ते ना काकांना कळतं ना गिऱ्हाइकाला. म्हणून एकदा तपासून भागत नाही.

सीएचं तसंच आहे. आम्ही विकतो काय, तर सही. ताळेबंदावर सही करताना मी एवढंच सांगत असते की मी हे पाहिलंय आणि हे असं आहे. बँकेतल्या साहेबांनी काकांचं दुकान कधी पाहिलेलं नसतं, गोदामातली पोती मोजलेली नसतात. ते माझ्या सहीवर विसंबून कर्ज मंजूर करतात. त्या सहीमागचं माझं ज्ञान हा माझा काटा. कायदे बदलत जातात आणि मी मात्र पंधरा वर्षांपूर्वीच्या अभ्यासावरच तोलत राहिले, तर माझा काटा सरकलेला असतो. सही तशीच दिसते, शिक्का तसाच उमटतो, वजन चुकतं.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवूया. शिक्का काट्याबद्दल बोलतो, तोलणाऱ्याच्या बोटाबद्दल नाही. ताटलीखाली कुणी बोट दाबत असेल तर शिक्का त्याला अडवू शकत नाही. पुढे या फरकाचं काम पडणार आहे.

तास किती, आणि मोजायचे कुणी?

या सक्तीच्या शिक्षणाला आमच्याकडे सीपीई म्हणतात. व्यवसायात आल्यानंतर चालू ठेवायचं शिक्षण, एवढाच त्याचा अर्थ. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आम्ही नुसतं 'इन्स्टिट्यूट' म्हणतो ती संस्था, हे तास ठरवते आणि नोंदवते. चार लाखांहून अधिक सीए तिचे सदस्य आहेत. २००३ पासून प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी हे शिक्षण सक्तीचं झालं.

हिशेब तीन वर्षांच्या गटाने होतो. २०२० ते २०२२ हा एक गट, २०२३ ते २०२५ हा पुढचा. साठीच्या आतल्या, प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला एका गटात १२० तास भरावे लागतात. त्यातले किमान ६० तास नेमून दिलेल्या कार्यक्रमांत बसून, म्हणजे सेमिनार, कार्यशाळा किंवा इन्स्टिट्यूटने मान्य केलेले ऑनलाइन वर्ग. असे किमान २० तास दर वर्षी व्हायलाच हवेत, म्हणजे तिसऱ्या वर्षी एकदम उरकून टाकता येत नाही. बाकीचे तास वाचन, अभ्यासगट, लेखन अशा स्वाध्यायात धरता येतात आणि ते ज्याचे त्यानेच जाहीर करायचे असतात. नोकरीतल्या, प्रॅक्टिस न करणाऱ्या सदस्यांसाठी नियम सौम्य आहेत.

१२० हा आकडा मोठा वाटतो, पण भागून पाहिला तर आठवड्याला एक तासही पडत नाही. जगभरच्या हिशेबनिसांच्या संस्थांच्या महासंघाच्या मापदंडातही अनेक वर्षं हेच १२०, ६० आणि २० होते. टेक्सासमध्येही तीन वर्षांत १२० आणि वर्षाला किमान २०, कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ८०. आपल्याकडच्या डॉक्टरांसाठी २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने पाच वर्षांत ३० तास सांगितले आहेत. त्या मानाने आमचं ओझं जास्त आहे हे खरं. ते का आहे, हे एका घराच्या उदाहरणावरून कळेल.

एक फ्लॅट, एक खातं आणि फॉर्म ३

समजा तुमच्या मुलाने पुण्याबाहेर बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केला. दर स्लॅबला तो हप्ता भरतो. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, म्हणतो की ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के बिल्डरने वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे. खात्यातून पैसे काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांची प्रमाणपत्रं लागतात. महारेराच्या कागदपत्रांत सीएच्या प्रमाणपत्राला फॉर्म ३ म्हणतात. किती खर्च झाला, काम किती टक्के झालं, त्या प्रमाणात आता किती रक्कम उचलता येईल, हे त्यात सीए लिहून देतो.

म्हणजे तुमच्या मुलाचे पैसे आणि बिल्डरचा हात यांच्यामध्ये जी तीन माणसं उभी आहेत, त्यांतला एक सीए आहे. कुठला खर्च धरायचा आणि कुठला नाही, हे त्याला ठाऊक नसेल तर तो प्रामाणिकपणे चुकेल. पैसे वेळेआधी बाहेर पडतील आणि नवव्या मजल्यावर काम थांबलं की तुम्ही त्या अर्धवट सांगाड्याकडे बघत बसाल.

२०१७ च्या आधी हे प्रमाणपत्रच अस्तित्वात नव्हतं. त्याआधी पास झालेला एकही सीए ते कॉलेजात किंवा आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत, शिकलेला नाही, त्यात मीही आले. आम्ही ते शिकलो सेमिनारमध्ये बसून, एकमेकांना फोन करून, परिपत्रकं वाचून.

आणि बदललं ते काय एवढंच? १९५६ चा कंपनी कायदा गेला, २०१३ चा आला. २०१६ मध्ये दिवाळखोरीची नवी संहिता आली. १ जुलै २०१७ ला व्हॅट, सेवा कर, उत्पादन शुल्क बाजूला सारून जीएसटी आला, तोही नेमका आमच्या सीए दिनी. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा येतो. ८१९ कलमांची आता ५३६ झाली आणि 'निर्धारण वर्ष' ही जुनी डोकेदुखी जाऊन 'कर वर्ष' आलं. ज्या कलमांचे क्रमांक आम्हाला झोपेतही पाठ होते ते सगळे बदलले.

जाता जाता शेजारच्या गोव्याची एक गोष्ट. तिथे पोर्तुगीज काळापासून नवराबायकोची मालमत्ता सामाईक मानण्याची पद्धत आहे. म्हणून १९६१ च्या कायद्यातल्या कलम ५अ प्रमाणे अशा जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं धरलं जायचं. सावंतवाडीतला निष्णात सीए तास-दीड तासावरच्या पणजीत गेला, तर भाड्याच्या उत्पन्नाचं साधं विवरणपत्रही तो चुकवू शकला असता. हुशारी अंतराने कमी होत नाही, पण माहिती नसली की हुशारी आंधळी होते.

डिसेंबरमधलं सभागृह

आमचं वर्ष ठरलेलं असतं. जुलैमध्ये विवरणपत्रं, सप्टेंबर-ऑक्टोबरात टॅक्स ऑडिट, मग कंपन्यांचे फॉर्म, मग जीएसटीचं वार्षिक विवरण. सीपीईचं वर्ष मात्र ३१ डिसेंबरला संपतं. त्यामुळे डिसेंबर उजाडला की सभागृहं भरतात.

काही वर्षांपूर्वीचा असाच एक शनिवार. लग्नाचं कार्यालय भाड्याने घेतलेलं, स्टेजवरच्या पडद्यामागे आदल्या रात्रीच्या फुलांचा वास अजून होता. येताना सही, जाताना सही. जेवणानंतर माझ्या शेजारचे एक ज्येष्ठ सर उठले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी माझीपण सही मारून टाका. लेकीला स्टेशनवरून आणायचंय." मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. पाच वाजता रजिस्टर माझ्यापुढे आलं तेव्हा त्यांच्या नावासमोरचा चौकोन मोकळा होता. मी माझी सही केली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. निघताना टेबलाजवळून जाताना पाहिलं, तर तो चौकोन भरलेला होता. दुसऱ्या कुणीतरी सही केली होती.

मी कुणाला काही बोलले नाही. ते माझं चुकलं. सही कधी करायची नाही, हेच तर आम्ही सगळे तिथे शिकायला आलो होतो. दुसऱ्याने पाहिलेलं आपण पाहिलं म्हणून लिहायचं नाही, हे आर्टिकलशिपच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. पासबुक न बघता शिल्लक लिहिणाऱ्या पोराला आम्ही ओरडतो. आणि चाळीस-पन्नास सीएंच्या देखत एक खोटी सही होऊन गेली. लेकीला आणायला जाणं हे कारण खरंच होतं. त्यांचे दोन तास कमी मोजले गेले असते, एवढंच.

ईवायमध्ये नेमकं काय झालं?

आता सुरुवातीच्या दंडाकडे येऊ. अमेरिकेत सीएला सीपीए म्हणतात आणि सनद प्रत्येक राज्याचं मंडळ देतं. अनेक राज्यांत सनदेसाठी नीतिमत्तेची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि सनद टिकवण्यासाठी सीपीईचे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. २०१७ ते २०२१ या काळात ईवायच्या ४९ जणांनी नीतिमत्तेच्या परीक्षेची उत्तरं एकमेकांना पाठवली किंवा घेतली. सीपीईच्या चाचण्यांत कॉपी करणारे तर शेकड्यांनी होते.

आधी इशारा मिळाला नव्हता असंही नाही. २०१२ ते २०१५ च्या दरम्यान दोनशेहून जास्त कर्मचाऱ्यांनी चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी वापरून कमी उत्तरं बरोबर असताना पास करून घेतलं होतं. तेव्हा फर्मने आतल्या आत कारवाई केली आणि तंबी दिली. रोग तिथेच राहिला.

मग आला जून २०१९. एसईसीने केपीएमजी या दुसऱ्या मोठ्या फर्मला ५ कोटी डॉलरचा दंड केला होता. त्यातही प्रशिक्षणाच्या चाचण्यांमधली लबाडी हा एक भाग होता. काहींनी सर्व्हरवरच्या चाचणीत फेरफार करून पास होण्याची मर्यादाच खाली आणली होती, इतकी की चारातला एक प्रश्नही धड न सोडवता माणूस पास होत होता. साहजिकच एसईसीने ईवायला विचारलं, तुमच्याकडे असं काही आहे का? ईवायने दिलेल्या उत्तराचा अर्थ 'सध्या असं काही नाही' असा होता. प्रत्यक्षात कॉपीची खबर फर्मच्या आत पोहोचलेली होती. उत्तर दुरुस्त करायला नंतर भरपूर वेळ होता. ते दुरुस्त केलं गेलं नाही. शेवटी फर्मने सगळं कबूल केलं.

एसईसीच्या आदेशातला आणखी एक मुद्दा मला टोचला. ज्यांनी स्वतः कॉपी केली नाही, पण इतरांची कॉपी ठाऊक असून जे गप्प राहिले, त्यांनीही फर्मची आचारसंहिता मोडली असं त्यात नोंदवलं आहे. मला ते रजिस्टर आठवलं.

हे अमेरिकेपुरतं राहिलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये केपीएमजीच्या नेदरलँड्समधल्या फर्मला २.५ कोटी डॉलरचा दंड झाला. ऑडिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या पीसीएओबी या अमेरिकी संस्थेने तोवर केलेला तो सर्वांत मोठा दंड. तिथे पाच वर्षं शेकडो लोक उत्तरं वाटून घेत होते आणि त्यात भागीदार, वरिष्ठ अधिकारीही होते. ऑडिट विभागाच्या माजी प्रमुखांवर व्यक्तिगत दीड लाख डॉलरचा दंड आणि कायमची बंदी आली.

या सगळ्या आदेशांत एक गोष्ट सारखी आहे. 'तास कमी पडले' म्हणून इतका दंड कुणालाच झालेला नाही. शिक्का बनावट निघाला म्हणून झाला, आणि ईवायच्या बाबतीत, विचारल्यावर 'शिक्का खराच आहे' असं सांगितलं म्हणून तो फुगला. काकांच्या काट्याची मुदत संपली तर निरीक्षक दंड करतील आणि काटा तपासून देतील. काकांनी घरी शिक्का तयार करून मारला, तर मात्र गोष्ट वेगळी होते.

साध्या, एकट्या सीएवर कारवाई कशी होते?

मोठ्या फर्मच्या बातम्या होतात, पण शिस्तभंगाची बहुतेक प्रकरणं छोटी असतात. अमेरिकेत सनदेच्या नूतनीकरणाच्या वेळी सीपीए तास पूर्ण केल्याचं जाहीर करतो. राज्याचं मंडळ मग काही जणांना सोडत काढल्यासारखं निवडतं आणि प्रमाणपत्रं मागवतं. ती नसतील तर दंड, जादा तास, कधी सनद काही काळ स्थगित. आदेश नावानिशी जाहीर होतात, कुणालाही वाचता येतात.

आपल्याकडे दोन पायऱ्या समजून घ्या. पहिली प्रशासकीय. तास कमी असतील तर इन्स्टिट्यूट कळवते, तूट भरून काढायला मुदत देते. करोनाच्या काळात अशा मुदती वाढवल्याही होत्या. इथे अजून गैरवर्तनाचा शिक्का लागलेला नसतो.

दुसरी पायरी शिस्तभंगाची. सीए कायद्याला दोन अनुसूची जोडलेल्या आहेत, म्हणजे गैरवर्तनाच्या दोन याद्या. पहिलीत तुलनेने सौम्य गोष्टी आहेत. इन्स्टिट्यूटने मागितलेली माहिती न देणं, सांगितलेल्या गोष्टीची पूर्तता न करणं हे तिथे येतं. दुसरीत गंभीर गोष्टी आहेत. कामात घोर निष्काळजीपणा आणि इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वं मोडणं हे तिथे येतं. कुणीही फॉर्म आयमध्ये तक्रार करू शकतं. शिस्तपालन संचालक प्राथमिक मत बनवतात. पहिल्या यादीतलं प्रकरण शिस्तपालन मंडळाकडे जातं, दुसऱ्या यादीतलं शिस्तपालन समितीकडे. २००६ च्या दुरुस्तीप्रमाणे मंडळ समज देऊ शकतं, तीन महिन्यांपर्यंत सदस्यांच्या नोंदवहीतून नाव काढू शकतं, एक लाखापर्यंत दंड करू शकतं. समिती पाच लाखांपर्यंत दंड करू शकते आणि नाव कायमचं काढू शकते. २०२२ च्या दुरुस्ती कायद्यात या मर्यादा वाढवल्या आहेत. दोन्हींवर अपील करता येतं.

मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटसाठी १ ऑक्टोबर २०१८ पासून एनएफआरए ही स्वतंत्र संस्थाही आली. ती ऑडिटरला सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत बाहेर बसवू शकते.

"तास मोजून कुणी शहाणं होतं का?"

हा आक्षेप माझ्या व्यवसायातलेच लोक सर्वांत जास्त घेतात, आणि त्यात तथ्य आहे. सभागृहात सहा तास बसलेला माणूस सहा तास शिकला असं होत नाही. शेवटच्या रांगेत मोबाइलवर रिटर्न भरणारे मी पाहिले आहेत. तास हे बसण्याचं माप आहे.

म्हणून माझं मत असं आहे की तासांबरोबर लहान, खरीखुरी चाचणी हवी, आणि विषय ज्याच्या त्याच्या कामाशी जुळणारा हवा. साखर कारखान्याचं ऑडिट करणाऱ्याला शेअर बाजारातल्या डेरिव्हेटिव्हवरचं व्याख्यान ऐकून तास मिळतात, हे मला पटत नाही. पण ईवायचा अनुभव सांगतो की चाचणी ठेवली की चाचणीचीही कॉपी होते. आपल्याकडे दहावी-बारावीला कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं, त्याची मोठ्या माणसांची आवृत्ती. माप अपुरं आहे म्हणून माप काढून टाकलं तर उरतं ते 'मला सगळं येतं' हे प्रत्येकाचं स्वतःबद्दलचं मत. त्यापेक्षा अपुरं माप बरं.

"सत्यमचे ऑडिटर काय अडाणी होते?"

नव्हते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातले रोख आणि बँकेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेकडून थेट, स्वतंत्रपणे शिल्लक मागवून ती पुस्तकाशी जुळवणं ही ऑडिटमधली पहिली इयत्ता आहे. त्यासाठी कुठल्या सेमिनारची गरज नव्हती.

इथे काट्याचा आणि बोटाचा फरक कामाला येतो. सीपीई काटा नीट ठेवते. बोट दाबणाऱ्यासाठी, किंवा दुसऱ्याचं बोट दिसूनही नजर फिरवणाऱ्यासाठी, दुसरी अनुसूची आहे, एनएफआरए आहे, तुरुंग आहे. सीपीईकडून घोटाळे थांबतील अशी अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल. पण माझ्या अनुभवात क्लायंटचं नुकसान घोटाळ्यांपेक्षा अज्ञानाने जास्त वेळा होतं. जीएसटीचा परतावा मागायची मुदत हातची गेली, सवलतीचा फॉर्म वेळेत भरला नाही, चुकीच्या कलमाखाली नोटिशीला उत्तर दिलं. या नुकसानीची बातमी होत नाही. दुकानदार निमूटपणे व्याज आणि दंड भरतो, आणि बहुतेक वेळा चूक कुणाची हे त्याला कळतही नाही.

"दोन सेमिनार हुकले म्हणून सनद काढणार?"

नाही, आणि काढूही नये. गंभीर आजारपण, बाळंतपण अशा कारणांसाठी सवलत मागायची सोय आहे. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणाहून सेमिनारसाठी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे ऑफिसचा एक दिवस बुडायचा. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या बाईला तर घर, ऑफिस आणि एसटीचं वेळापत्रक तिन्ही सांभाळून ते करावं लागायचं. मी ते केलेलं आहे. ऑनलाइन वर्गांनी हा त्रास बराच कमी केला.

तास कमी पडले असतील तर 'कमी पडले' असं सांगून पुढे ते भरून काढता येतात. त्या सरांना मी आज हेच सांगितलं असतं, की दोन तास गेले तर जाऊ द्या, तुमची सही तुमच्याकडेच राहू द्या. कारण खोट्या हजेरीची सवय आणि खोट्या प्रमाणपत्राची सवय यांच्यामध्ये कुठे भिंत आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

"यात आमचा काय संबंध?"

काकांनी हेही विचारलं होतं. सीएचे तास किती भरले हे तुम्हाला बाहेरून सहजासहजी दिसत नाही. पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. २०१९ पासून सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर आणि ऑडिट अहवालावर यूडीआयएन असावा लागतो. हा १८ अंकाक्षरांचा क्रमांक त्या कागदाचा आधार क्रमांकच समजा. पूर्णवेळ प्रॅक्टिसचं वैध प्रमाणपत्र असलेला सीएच तो काढू शकतो. म्हणजे शिस्तभंगात ज्याचं नाव नोंदवहीतून काढलं गेलं किंवा ज्याची प्रॅक्टिस थांबवली गेली, त्याला सही करता येईल, पण यूडीआयएन निघणार नाही.

तपासणं सोपं आहे. इन्स्टिट्यूटच्या यूडीआयएन पोर्टलवर क्रमांक टाकायचा, आपलं नाव, मोबाइल, ईमेल द्यायचा, ओटीपी टाकायचा. कागद कुणी, कधी, कशासाठी दिला ते समोर येतं. बनावट सह्या आणि बनावट शिक्के मारून बँकांना फसवणारे बरेच झाले, म्हणून ही सोय आली.

गेल्या महिन्यात काका कर्जासाठी उलाढालीचं प्रमाणपत्र न्यायला आले. मी कागद दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला नाही. खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि मोबाइलवर एकेक अंक दाबत गेले. मधे ओ आणि शून्यात गोंधळ झाला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ओटीपी आला. स्क्रीनवरची रक्कम त्यांनी कागदावरच्या रकमेशी बोट ठेवून दोनदा जुळवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मग कागद खिशात ठेवला.